टोकाला गेलेली माणसं

अंदमान-निकोबार या जोडनावात निकोबारला तेवढंच काम असतं, जेवढं चहापाण्यातल्या पाण्याला. म्हणायचं, पण द्यायचं नाही. मराठी माणूस अंदमानला जातो म्हणजे सेल्युलर जेलमध्ये जातो, सावरकरांच्या कोठडीपाशी डोळे पुसतो, संध्याकाळी ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम बघतो आणि मग हॅवलॉकच्या वाळूत पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून उभा राहतो. हॅवलॉकचं नाव २०१८ पासून स्वराज द्वीप झालं आहे, पण पॅन्ट दुमडण्याची पद्धत तीच आहे. टूरच्या पत्रकावर ठळक अक्षरांत ‘अंदमान-निकोबार’ छापलेलं असतं, म्हणून घरी आल्यावर तो शेजाऱ्यांना ‘निकोबारही झालं’ असं सांगून टाकतो. यात टूरवाल्याचा काही दोष नाही. निकोबार दाखवू असं तो कुठेच म्हणालेला नसतो.

माझी ताई मात्र खरोखर निकोबारला जाऊन पडली. दाजींची बदली झाली कॅम्पबेल बेला, ग्रेट निकोबार बेटावर. बातमी कळल्यावर आईने चष्मा लावला आणि शाळेच्या ॲटलासमध्ये जावयाचं नवं गाव शोधायला घेतलं. तिचं बोट चेन्नईहून निघालं, बंगालच्या उपसागरात बराच वेळ पोहलं आणि थेट इंडोनेशियाला लागलं. “अगं, हा तर परदेश,” ती म्हणाली. तिचं फार चुकलं नव्हतं. कॅम्पबेल बेपासून चेन्नई सोळाशे किलोमीटरवर आहे आणि क्वालालंपूर हजाराच्या आत. आपल्याच बेटांची राजधानी पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्रीविजयपुरम, पाचशे तीस-पस्तीस किलोमीटरवर, आणि थायलंडचं फुकेत त्याहून थोडं जवळ. कोथिंबीर संपली तर पासपोर्ट घेऊन फुकेतला जावं, अशी परिस्थिती.

ताईला भेटायला जायचं हे निमित्त. मला खरी ओढ होती इंदिरा पॉइंटची. मराठी पर्यटकाला पॉइंट आहे असं नुसतं कळलं तरी त्याला स्वस्थ बसवत नाही. महाबळेश्वरात आपण आर्थर सीटपासून लॉडविक पॉइंटपर्यंत सगळ्या कड्यांवर उभे राहिलेलो असतो. एकच दरी, पण प्रत्येक पॉइंटवरून ती नव्याने बघितलेली असते, आणि दर वेळी धुक्यात काही दिसलेलं नसतं. असं आयुष्य पॉइंटांना वाहिलेल्या माणसाने देशाचं सगळ्यांत दक्षिणेकडचं टोक सोडून द्यायचं? कन्याकुमारीला उभं राहून ‘भारताच्या शेवटच्या टोकावरून’ असे फोटो पाठवणारे आमच्या सोसायटीत चार जण आहेत. त्यांना हे सांगायची वेळ आली होती की तुमचं टोक आठ अंश अक्षांशावर आहे, खरं टोक पावणेसातवर. मध्ये समुद्र आहे हा तपशील आहे.

निघण्याआधी दाजींनी फोनवर एवढंच सांगितलं, “ये. पण परतीची तारीख कुणाला देऊ नकोस.”

मला वाटलं, प्रेमाने म्हणतायत.

पोर्ट ब्लेअरला जहाजाच्या तिकिटांच्या रांगेत उभा राहिलो तेव्हा उलगडा व्हायला सुरुवात झाली. बेटांमधून फिरणाऱ्या जहाजांचं वेळापत्रक असतं, आणि त्यावर ते संभाव्य असल्याचंही लिहिलेलं असतं. हवामान आणि इतर कारणांमुळे त्यात बदल होऊ शकतो. हवामान आपण समजू शकतो. ‘इतर कारणं’ या दोन शब्दांत मात्र उरलेलं सगळं विश्व मावतं. खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, “आयलँडर?” मी नाही म्हणालो. तेव्हा त्याने मान वर करून बघितलं. बेटवाल्यांना भाडं कमी आणि बाहेरच्यांना जास्त, हा तिथला सरळ नियम. आणि नियम योग्यच आहे. त्यांना दवाखान्यासाठी जहाजात बसावं लागतं, आपण हौसेसाठी बसतो. पुणे स्टेशनवर रिक्षावाला आपल्या चेहऱ्यावरून ठरवतो की हा बाहेरचा आहे आणि मग आकडा सांगतो. इथे छापील दरपत्रक होतं. बाहेरचा म्हणून लुटलं न जाता रीतसर पावतीसकट जास्त पैसे दिले, याचं मला समाधानच वाटलं.

परदेशी पाहुण्यांना तर तिकडे सहजासहजी जाताच येत नाही. आपल्यालाही आदिवासी राखीव क्षेत्रात पासशिवाय पाऊल टाकता येत नाही. १९५६ चा कायदा आहे त्यासाठी. त्यामुळे दाजींनी जे जे कागद काढून ठेव असं सांगितलं होतं, त्यांची एक पिशवीच झाली. ती पिशवी मी पूर्ण प्रवासात उशाशी घेऊन झोपलो. पाकीट मात्र दोनदा कँटीनमध्ये राहिलं आणि दोन्ही वेळा कुणीतरी आणून दिलं.

जहाजात माझी जागा बंक क्लासमध्ये होती. बंक क्लास म्हणजे जहाजाच्या पोटातला एक मोठा हॉल, त्यात वर-खाली खाटा, आणि त्या खाटांवर भारत सरकारला एकात्मतेच्या जाहिरातीसाठी हवी असतात तेवढी सगळी माणसं. शेजारी सुट्टी संपवून निघालेली मल्याळी नर्स. समोर एक पंजाबी आजोबा, त्यांच्या वर तमिळ व्यापारी, त्याच्या खाटेखाली आठ टोपल्या आणि एक टेबलफॅन. कोपऱ्यात कार निकोबारला उतरणारी निकोबारी मुलं, फुटबॉलचा सामना खेळून आलेली, एका गिटारवर आळीपाळीने गाणारी. गात फार छान होती. हरून आली होती की जिंकून, हे गाण्यावरून शेवटपर्यंत कळलं नाही.

जहाज सुटलं तेव्हा सगळे एकमेकांना डबे उघडून दाखवत होते. लिटल अंदमान मागे पडलं, आणि टेन डिग्री चॅनल लागला. लिटल अंदमान आणि कार निकोबार यांच्यामधली ही सुमारे दीडशे किलोमीटर रुंदीची समुद्राची पट्टी. दहाव्या अक्षांशावर आहे म्हणून हे नाव, असं पुस्तकं सांगतात. माझा अनुभव असा की जहाज साधारण तेवढेच अंश आधी उजवीकडे कलतं आणि मग डावीकडे. डबे बंद झाले. गिटार थांबली. बंक क्लासमध्ये शांतता पसरली आणि त्या शांततेत जो तो स्वतःच्या पोटाशी वाटाघाटी करू लागला. माझी अवस्था बघून लोकांना दया आली. नर्सने गोळी दिली, आजोबांनी लिंबू दिलं, व्यापाऱ्याने सुंठ दिली, आणि माझ्याकडे आईने दिलेली आवळासुपारी होतीच. मी कुणाचंच मन मोडलं नाही. समुद्राने ते सगळे उपाय कसलाही प्रांतभेद न करता परत घेतले.

कार निकोबार, कामोर्ता ही बंदरं मी आडवा होऊन ऐकली. नानकौरीचं नैसर्गिक बंदर फार सुंदर आहे म्हणतात आणि ते खरं आहे, कारण तिथे पाणी हलत नव्हतं.

कॅम्पबेल बेच्या धक्क्यावर जहाज लागलं तेव्हा सगळं गाव आलं होतं. पाहुण्यांच्या स्वागताला आलं असेल, अशी माझी समजूत होती. ताई धावत आली, माझ्या मागे बघून म्हणाली, “कांदे आलेत का रे?” मग मला मिठी मारली.

गाव म्हणाल तर २०११ च्या जनगणनेत पाच हजार सातशेच्या घरात. अख्ख्या बेटावर आठ हजार. एक बाजारपेठ, सरकारी कचेऱ्या, देऊळ, गुरुद्वारा, चर्च, मशीद, आणि २०१२ पासून नौदलाचा तळ, आयएनएस बाझ. या सगळ्यांच्या पाठीला लागून जंगल. म्हणजे गावाबाहेर गेलं की जंगल लागतं अशातला भाग नाही. जंगलानेच थोडी जागा गावाला दिलेली आहे आणि कधी परत मागेल याचा नेम नाही. ताईने परसात लावलेल्या दोडक्याला आधार म्हणून काठी रोवली, तर आठ दिवसांत काठीलाच पानं फुटली. दोडक्याचं काय झालं ते विचारायचं नाही, असं दाजींनी खुणेने सांगितलं.

पत्ते इथे किलोमीटरमध्ये असतात. गोविंदनगर, विजयनगर अशी छान छान नावं आहेत, पण बोलताना लोक म्हणतात, “सात किलोमीटरला लग्न आहे,” किंवा “पस्तीस किलोमीटरवाल्यांची म्हैस हरवली.” मला पहिल्यांदा वाटलं की लग्न इथून सात किलोमीटर लांब आहे. पण तसं नाही, हा आकडा रस्त्यावरच्या दगडाचा. तुम्ही सात किलोमीटरलाच उभे असलात तरी तिथलं लग्न सात किलोमीटरलाच असतं. दाजींच्या हाताखालचा एक मुलगा सहा किलोमीटरचा, त्याची बायको चौदा किलोमीटरची. लग्नात मध्यस्थांनी आठ किलोमीटरचं अंतर मिटवलं.

घड्याळाची आणखी वेगळी तऱ्हा. भारतभर वेळ एक, हे आपण अभिमानाने सांगतो. सूर्याला हे कुणी सांगितलेलं नाही. मुंबईच्या मानाने तो इथे जवळजवळ दीड तास आधी येतो आणि तेवढाच आधी जातो. बारा महिने पहाटे पाचच्या मागेपुढे उजाडतं, आणि संध्याकाळी साडेपाच-पावणेसहाला दिवस संपलेला असतो. विषुववृत्त जवळ असल्यामुळे संधिप्रकाशाचं कौतुकही नाही. दिवेलागणीला शुभंकरोति म्हणायला घेतलं तर ‘कल्याणम्’पर्यंत अंधार. मी पुण्याच्या सवयीने सहा वाजता “चला, फिरून येऊ” म्हणालो, तेव्हा ताईच्या धाकट्याने मला टॉर्च आणून दिला आणि मगरीच्या पाटीबद्दल सांगितलं. खाऱ्या पाण्यातल्या मगरी. पाटीवर मगरीचं चित्र फार ठसठशीत काढलं होतं. चित्रकाराने बघून काढलं असावं.

कॅलेंडर मात्र जहाजाचं. वार कोणता हे विचारून कुणी अडत नाही. जहाजाच्या आधीचे दिवस आणि जहाजानंतरचे दिवस, असे दोनच पंधरवडे. जहाजानंतर टोमॅटो असतो, कोबी असतो, लोक एकमेकांकडे जेवायला जातात. जहाजाच्या आधी सगळेजण नारळाचे पदार्थ करतात आणि कुणी कुणाला बोलावत नाही. भेटल्यावर “कसं काय” विचारत नाहीत, “जहाज कब है” विचारतात. उत्तर कुणालाच माहीत नसतं, तरी सगळे देतात. केशकर्तनालयातलं उत्तर वेगळं, शाळेतलं वेगळं. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आली, इंटरनेट सुधारलं. त्याचा मुख्य फायदा असा झाला की जहाजाबद्दलची अफवा आता सगळ्यांना एकाच वेळी पोहोचते.

दाजींनी मला एका घरी नेलं. “आपल्याकडचे आहेत. सुभेदार.” समोर साठीकडे झुकलेले गृहस्थ आले, अंगात बनियन, कपाळाला अष्टगंध. मी रामराम केला आणि कोणत्या पलटणीत होतात असं विचारलं. “मी न्हाई,” ते म्हणाले, “वडील. मराठा लाईट इन्फंट्री. त्ये सुभेदार हुते. त्ये गेल्यावर गावानं आमालाच सुभेदार केलं. न्हाई म्हनून सांगितलं, कोन ऐकतंय?” बेटावर बढतीचं हे एकच खातं असं आहे की त्यात परीक्षा नाही.

हकिगत अशी. १९६५ च्या सुमाराला इंडोनेशियाचं या बेटाकडे लक्ष असल्याची चर्चा होती. सीमेवर नुसतं जंगल असून भागत नाही, आपली माणसं हवीत, असं सरकारने ठरवलं. १९६९ पासून निवृत्त सैनिकांची कुटुंबं इथे आणून वसवायला सुरुवात झाली. पंजाब, महाराष्ट्र, केरळ, तमिळनाडू, आंध्र, उत्तर प्रदेश अशा ठिकठिकाणची मिळून तीनशे तीस कुटुंबं. जमीन द्यायची ठरली होती, पण जमीन म्हणजे काय, तर उभं जंगल. सीमाभागात रस्ते बांधणाऱ्या ‘ग्रेफ’ दलाच्या लोकांनी रस्ते काढले, फौजींनी झाडं तोडून नारळ-सुपारी लावली.

सुभेदारांचे वडील माण तालुक्यातले. ज्या तालुक्यात माणसाचा जन्म आभाळाकडे बघण्यात जातो तिथून उचलून सरकारने त्यांना अशा ठिकाणी आणून सोडलं जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. “बाबा पयल्या वर्षी पाऊस आला की अंगनात हात जोडून हुबं ऱ्हायचं,” सुभेदार म्हणाले. “दुसऱ्या वर्षी छत्री घेतली. तिसऱ्या वर्षी शिव्या द्याया लागलं.”

सुभेदारांची मराठी लहानपणी बोटीत बसून साताऱ्याहून निघाली आणि इथे उतरून तशीच राहिली. मधून मधून तिला अंदमानी हिंदीची ठिगळं आहेत. त्यांचा नातू आजोबांचं मराठी सगळं समजतो, उत्तर हिंदीत देतो, आणि तमिळ मित्राशी भांडताना तमिळमधल्या निवडक शब्दांचा वापर करतो. मराठीत भांडतोस का, असं मी विचारलं. “मराठी में सिर्फ आरती होता है,” तो म्हणाला. गणपतीत आरतीला आवाज सगळ्यांत मोठा मल्याळी मास्तरांचा, शेंगदाण्याचा लाडू करण्यात पंजाबी वहिनींचा हात कुणी धरत नाही, असं कळलं.

स्वतःच्या लग्नाची गोष्ट सुभेदारांनी खास रंगवून सांगितली. मुलगी दहिवडीकडची. बघायला गेले तेव्हा भावी सासऱ्यांनी विचारलं, पोरगा कुठं असतो? मध्यस्थ म्हणाला, अंदमानात. घरात एकदम शांतता. मग सासऱ्यांनी पान थुंकून सावकाश विचारलं, “केस कसली हाय?” सेल्युलर जेलच्या कीर्तीने महाराष्ट्रातल्या किती लग्नांत विघ्न आणलं असेल कोण जाणे. शेवटी सातबारा नव्हे, पण सरकारी जमिनीचा कागद दाखवला, तेव्हा चहा आला. काकू आतून म्हणाल्या, “मला फकस्त समुद्र हाय म्हनून सांगितल्यालं. तीन दिस समुद्रच हाय, ह्ये कुनी बोललं न्हाई.”

निघताना मी त्यांच्यासाठी आणलेला पेढ्यांचा पुडा दिला. त्यांनी तो देवापुढे ठेवला आणि दबक्या आवाजात विचारलं, “कांदा-लसून मसाला न्हाई आनला?” मी नाही म्हणालो. त्यांनी मोठ्या मनाने विषय बदलला, पण काकूंनी चहात साखर कमी घातली असा मला संशय आहे.

जंगल मी दाजींच्या ओळखीच्या एका वनरक्षकाबरोबर बघितलं, जिथवर परवानगी होती तिथवर. हे १९८९ पासून राखीव जीवावरण क्षेत्र आहे आणि आत दोन राष्ट्रीय उद्यानं आहेत. आत शिरल्यावर पहिली गोष्ट कळते ती ही की वर्षावन बघता येत नाही. दोन हातांवर वेत, चार हातांवर केवड्याच्या जातीची झाडं, त्यापलीकडे माणसाहून उंच वृक्षनेचे, आणि वरती सगळं बंद. महाबळेश्वरात निदान धुकं हटायची आशा असते. इथे हिरवं हटत नाही. मी “वा!” म्हणायला तोंड उघडलं आणि एक चिलट आत गेलं, त्यानंतर मी मनातल्या मनात वा म्हणालो.

वनरक्षकाने पालापाचोळ्याचा एक कमरेएवढा ढीग दाखवला. मला वाटलं ग्रामपंचायतीचं काम आहे. ते निकोबारी मेगापोडचं घरटं होतं. हा कोंबडीएवढा पक्षी अंड्यांवर बसत नाही. माती आणि पाला रचतो, त्यात अंडी पुरतो, आणि पाला कुजताना जी ऊब निर्माण होते तिच्यावर अंडी उबवायचं काम सोपवतो. पिल्लू बाहेर येतं ते उकरून, स्वतःच्या पायांवर, पंखांसकट, आणि आईबापांची गाठ न घेता चालू लागतं. मेगापोडच्या बापाला पिल्लाच्या ॲडमिशनचा फॉर्म भरताना कुणी बघितलेलं नाही. तरी जात टिकून आहे, ही बाब मी ताईच्या घरी जेवताना मांडली. दहावीतली भाची पहिल्यांदाच माझ्याकडे आदराने बघू लागली, आणि ताईने विषय बदलला.

माकडं मात्र कुटुंबवत्सल. लांब शेपटीची निकोबारी माकडं टोळीने येतात आणि नारळाच्या बागेत पाहणी करतात. रात्रपाळीला रॉबर क्रॅब, नारळी खेकडा. मोठा असेल तर चार किलोपर्यंत भरतो, झाडावर चढतो आणि नारळ फोडून खातो. कायद्याने त्याला वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे. म्हणजे दिवसा माकडं, रात्री खेकडा, आणि उरलेले नारळ शेतकऱ्याचे. सुभेदार म्हणाले, “माणला निदान चोर दिसायचं तरी.”

जंगलाच्या आत शोंपेन लोक राहतात. २०११ च्या जनगणनेत सव्वादोनशेच्या आसपास. त्यांना ‘बघायची’ इच्छा मी वनरक्षकाकडे व्यक्त केली नाही, कारण आदिवासी राखीव क्षेत्राची पाटी वाचली होती. आणि खरं सांगायचं तर, हजारो वर्षं एक समाज तिथे स्वस्थ राहतो आहे, तो एकदाही सोलापूरला कुणाला बघायला गेलेला नाही. ही किमान सभ्यता आपल्यालाही जमायला हरकत नाही.

आता इंदिरा पॉइंट. गावापासून दक्षिणेला जाणारा रस्ता एके काळी ५१ किलोमीटर धावत टोकापर्यंत पोहोचायचा. पूर्वी या टोकाला पिग्मेलियन पॉइंट म्हणत, १९८० च्या दशकात इंदिरा गांधींचं नाव दिलं गेलं. १९७२ पासून तिथे दीपस्तंभ आहे. मी दाजींना आल्या दिवसापासून विचारत होतो, पॉइंटला कधी जायचं? ते म्हणायचे, जाऊ. शेवटी एका सकाळी जीपमध्ये घालून त्यांनी मला पस्तीस किलोमीटरला नेलं आणि जीप उभी केली. “इथून पुढे?” मी विचारलं. “पुढे टोकापर्यंत रस्ता नाही,” दाजी म्हणाले. “आणि टोकही पहिल्या जागी नाही.”

२६ डिसेंबर २००४ ला सुमात्राजवळ भूकंप झाला तेव्हा बेटाचं दक्षिण टोक सुमारे सव्वाचार मीटर खाली गेलं, आणि पाठोपाठ त्सुनामी आली. दीपस्तंभ उभा राहिला, त्याच्या पायाशी समुद्र आला. दीपस्तंभाचे कर्मचारी, त्यांची कुटुंबं, कासवांच्या अभ्यासाला आलेली माणसं गेली. किनाऱ्यावरची निकोबारी गावं आणि फौजींच्या वसाहतीही वाहून गेल्या. वाचलेल्यांना वरती आणून नवी गावठाणं दिली. सुभेदारांकडे याबद्दल कुणी बोललं नव्हतं. त्यांच्या भिंतीवर दोन फोटो होते, हार घातलेले, आणि खाली तारीख एकच होती.

दाजी बराच वेळ समुद्राकडे बघत होते. मग म्हणाले, “फोटो काढायचा असेल तर काढ. मागे समुद्रच येणार आहे.” मी काढला नाही.

सोसायटीतल्या त्या चौघांना आता काय सांगायचं, हा प्रश्न उरला. कन्याकुमारीवाले निदान टोकावर उभे तरी होते.

परतताना दाजींनी गॅलेथिया उपसागराची दिशा दाखवली. तिथल्या वाळूत लेदरबॅक कासवं अंडी घालायला येतात. पाचशे किलोचं जनावर हजारो किलोमीटर पोहून येतं, ना पास, ना नॉन-आयलँडर भाडं. त्याच उपसागरात आता मोठं मालवाहतुकीचं बंदर होणार आहे. विमानतळ, वीजप्रकल्प, नवं शहर, सगळं मिळून मूळ आराखडा ७२ हजार कोटींचा. २०२२ मध्ये पर्यावरणाची मंजुरी मिळाली. त्यासाठी १३० चौरस किलोमीटर जंगल जायचं आहे आणि सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यानुसार साडेनऊ लाखांहून जास्त झाडं तुटतील. बदल्यात झाडं लावायची आहेत, ती हरियाणात. विषुववृत्ताजवळच्या वर्षावनाची भरपाई हरियाणात करायची, ही कल्पना ज्याच्या डोक्यात आली त्याने हे जंगल बघितलेलं नाही, किंवा हरियाणा बघितलेला नाही. मेगापोडला जाट मालकाशी जुळवून घ्यावं लागेल.

सुभेदारांना मी याबद्दल विचारलं. मला वाटलं, ते एक तर विकासाच्या बाजूने बोलतील किंवा निसर्गाच्या. ते म्हणाले, “बंदर झालं तर हजार जहाजं येतील म्हनत्यात. त्यातलं एक तरी पोर्ट ब्लेअरला टायमात जाईल का, तेवढं इचारून सांगा.” जमिनीचं काय होणार, मोबदला किती, हे प्रश्न त्यांनी अर्जात लिहून दिले आहेत. पोच मिळाली आहे. पोच त्यांनी जमिनीच्या मूळ कागदाशेजारी ठेवली आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, कारण इथे कागदाला बुरशी फार लवकर येते.

माझं परतीचं जहाज ठरलेल्या दिवशी आलं नाही. कारण ‘इतर’ होतं. ऑफिसात रजा वाढवून मागितली तेव्हा साहेबांनी कारण विचारलं आणि मी “जहाज नाही” म्हणालो. एकविसाव्या शतकात पुण्याच्या ऑफिसात हे कारण पहिल्यांदाच आलं असावं. साहेबांनी विचार करायला वेळ मागितला आणि तोपर्यंत जहाज आलं. धक्क्यावर नेहमीप्रमाणे सगळं गाव होतं. मला सोडायला कोण आलं होतं आणि कांदे उतरवायला कोण, हे मी तपासलं नाही.

तुम्हाला कधी तिकडे जावंसं वाटलं, आणि तिकडे आपलं कुणी असलं, तर अवश्य जा. खालचा बंक मागा. कागद प्लास्टिकमध्ये ठेवा. परतीची तारीख कुणाला देऊ नका. पॉइंट बघायला जाऊ नका, माणसं बघायला जा. आणि पेढे वगैरे काही नेऊ नका, कांदा-लसूण मसाला न्या, अर्धा किलो तरी. कोल्हापुरी नको, सुभेदारांना तो चालत नाही.